खून आणि युद्ध यांच्या मधले दिवस

प्रश्न असा आहे: "१९१४ साली साराएव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि पहिलं महायुद्ध पेटलं, असं शाळेत शिकलो. एका माणसाच्या खुनानं एवढं युद्ध खरंच होतं का, की ते नुसतं निमित्त असतं? आणि आपल्याकडे असं कधी घडलं आहे का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर अनेकांना दचकवतं. इंग्रज आणि मराठे यांच्यात तीन युद्धं झाली. तिन्हींच्या मुळाशी गेलं की एकेक मारलेला माणूस सापडतो. पहिल्याच्या मुळाशी नारायणराव पेशवे, दुसऱ्याच्या मुळाशी विठोजी होळकर, तिसऱ्याच्या मुळाशी गंगाधरशास्त्री पटवर्धन. विठोजीला उघडपणे देहदंड दिला होता, त्यामुळे त्याला खून म्हणायचं की नाही यावर वाद घाला. बाकीचे दोन निखळ खून आहेत.

"नुसतं निमित्त" हे मात्र मला पटत नाही. परीक्षेत कारण आणि निमित्त असे दोन रकाने आखून मुलांना मोकळं केलं जातं, आणि खरा मजकूर त्या दोन रकान्यांच्या मधल्या जागेत राहून जातो. माझं काम अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या मोडी कागदांचं आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या कौन्सिलांच्या ठरावांचं. तिथे एक सवय लागते: खुनाची तारीख आणि पहिल्या तोफेची तारीख शेजारी लिहायची आणि मधल्या दिवसांत कोणी काय केलं ते बघायचं. नारायणरावाचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला डिसेंबर १७७४ च्या अखेरीस. मध्ये सोळा महिने. गंगाधरशास्त्री २० जुलै १८१५ ला मारले गेले, खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची, सव्वादोन वर्षं. साराएव्होतल्या गोळ्या २८ जून १९१४ च्या, ऑस्ट्रियाची सर्बियाविरुद्ध युद्धघोषणा २८ जुलैची. यातलं एकही युद्ध दुसऱ्या दिवशी सुरू झालेलं नाही. म्हणजे थांबायला वेळ होता, आणि त्या वेळात कोणीतरी काहीतरी ठरवलं.

आता नारायणरावाकडे येऊ. हे प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं.

थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला क्षयानं गेले. धाकटा भाऊ नारायणराव तेव्हा सतरा वर्षांचा. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, यांनी माधवरावांविरुद्धही तलवार उचलली होती. १७६८ मध्ये धोडपला त्यांचा मोड झाला आणि माधवरावांनी त्यांना शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवलं. माधवरावांच्या शेवटच्या दिवसांत समेट झाला, पण काही महिन्यांतच नारायणरावानं चुलत्याला पुन्हा वाड्यात अडकवलं. ज्याला गादीची आस आहे आणि ज्याच्याभोवती त्याची माणसं आहेत, असा कैदी आपल्याच घरात ठेवायचा आणि पहारा भाडोत्री गारद्यांवर सोडायचा, ही व्यवस्था मुळातच धोक्याची होती.

भाद्रपद शुद्ध त्रयोदशीच्या दुपारी, वाड्यात गणपती बसलेले असताना, सुमेरसिंग, महंमद इसफ आणि खरगसिंग यांचे गारदी थकलेल्या पगाराचा गलका करत आत शिरले. नारायणराव धावत चुलत्याच्या खोलीत गेला आणि त्यांच्या कमरेला मिठी मारून "दादा, वाचवा" म्हणून आक्रोश करू लागला, ही कथा महाराष्ट्रात पोराटोरांना ठाऊक आहे. तुळाजी पवारानं त्याला ओढलं. मध्ये पडलेला सेवक चाफाजी टिळेकर धन्याबरोबरच कापला गेला. आनंदीबाईनं "धरावे"चं "मारावे" केलं की नाही यावर दोनशे वर्षं नाटकं, कादंबऱ्या आणि भांडणं झाली. युद्धाचा माग काढताना त्या वादानं फारसं काही हाती लागत नाही. दादांनी पकडण्याला संमती दिली होती, गारदी त्यांच्या बाजूचे होते, आणि मेलेल्या पेशव्याच्या जागी बसायला सगळ्यात जवळचे तेच होते. आरोपी आणि वारस एकच माणूस, ही खरी अडचण.

रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, दोष दादांवर ठेवला, देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. आपण ही गोष्ट बाणेदारपणाचं उदाहरण म्हणून सांगतो. मी तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहतो. निवाडा झाला, पण त्याची अंमलबजावणी करणारा कोणी उरला नाही, कारण राज्याचा कारभारीच गुन्हेगार. न्यायाची वाट अशी बंद झाली की मागे फौजेची वाट उरते. दादांना साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं मिळाली आणि ते निजामावर, मग कर्नाटकाकडे स्वारीला निघाले.

इथवर युद्ध अटळ नव्हतंच. नारायणराव निपुत्रिक मेला असता तर कारभाऱ्यांनी दात-ओठ खात दादांचीच चाकरी केली असती, असं मला वाटतं. रक्त सांडून गादी मिळवणारे हिंदुस्थानात काही दुर्मिळ नव्हते. पण नारायणरावाची बायको गंगाबाई गरोदर होती. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे अशा मंडळींनी, ज्यांना पुढे बारभाई म्हटलं गेलं, जानेवारी १७७४ मध्ये तिला पुरंदरावर नेलं आणि तिच्या नावानं कारभार सुरू केला. दादा स्वारीवर होते तोवर पुण्याची सत्ता त्यांच्या हातून गेली होती. ते परत फिरले, २६ मार्चला पंढरपूरजवळ कासेगावला पेठ्यांचा पराभव केला. पेठे जखमी होऊन त्यांच्या हाती सापडले आणि गेले. १८ एप्रिलला पुरंदरावर मुलगा झाला. चाळीस दिवसांच्या त्या पोराला पेशवाईची वस्त्रं मिळाली. तेच सवाई माधवराव.

खुनानं गादी रिकामी केली, आणि आठ महिन्यांत त्या गादीवर दोन हक्कदार उभे राहिले. एकाकडे वय, अनुभव, अटकेपर्यंत गेल्याची कीर्ती आणि कपाळावर खुनाचा डाग. दुसऱ्याकडे निर्मळ वारसा आणि पाळणा. सरदारांनी कोणाची बाजू घ्यायची हे प्रत्येकानं आपापल्या सोयीनं ठरवायचं. तरीही ही घरातली यादवी होती. पेशवाईनं अशा यादव्या आधी पाहिल्या होत्या आणि जिरवल्याही होत्या.

भाऊबंदकीच्या खटल्यात शेजारी एका भावाला कोर्टाचा खर्च पुरवतो आणि बदल्यात बांधालगतचं वावर लिहून घेतो, तसे इथे मुंबईकर इंग्रज आले. त्यांना ते वावर खुनाच्या फार आधीपासून हवं होतं. साष्टी (ठाण्याचा किल्ला ज्या बेटावर आहे ते) आणि वसई चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतली होती. मोहीम १७३७ ला सुरू झाली, वसई १७३९ मध्ये पडली. मुंबई बेटाच्या डोक्यावरच मराठ्यांचं ठाणं. बेटाला धान्य, लाकूडफाटा लागायचा तो या बाजूनं. शिवाय मुंबई इलाखा तोट्यात चालायचा, बंगालच्या पैशावर जगायचा, त्यामुळे सुरत-भडोच भागातल्या महसुलावर डोळा. लंडनच्या सांगण्यावरून टॉमस मॉस्टिन हा वकील १७७२ मध्येच पुण्यात येऊन बसला होता, आणि साष्टी-वसई पदरात पडते का पाहणं हे त्याचं काम होतं. खून झाला तेव्हा तो पुण्यातच होता. पेशव्यांच्या घरात काय चाललं आहे याच्या बातम्या मुंबईच्या कौन्सिलला अशा ताज्या मिळत होत्या.

दादांनी इंग्रजांकडे मदत मागितली तेव्हा साष्टी-वसई द्यायला ते तयार नव्हते. बोलणी अडली. तेवढ्यात पोर्तुगीज आपला जुना मुलूख परत घ्यायला येत आहेत अशी आवई उठली, आणि मुंबईचा प्रेसिडेंट विल्यम हॉर्नबी यानं तह होण्याची वाट न पाहता ठाण्यावर फौज पाठवली. डिसेंबर १७७४ च्या शेवटच्या आठवड्यात किल्ला पडला. कमोडोर वॉटसन तिथे मारला गेला. सुरतेचा तह झाला मार्च १७७५ मध्ये. हा क्रम नीट लक्षात घ्या. मुलूख आधी बळकावला, आणि तो कशासाठी घेतला याचं कारण दोन महिन्यांनी कागदावर आलं. दादा तोवर गुजरातेत हरून खंबायत, भावनगर असे जहाजानं सुरतेला पोचले होते. बायकोला त्यांनी धारच्या किल्ल्यात ठेवलं होतं, आणि तिथेच जानेवारीत दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. अशा अवस्थेतल्या माणसाकडून हवी ती सही मिळते. अडीच हजार फौज इंग्रजांनी द्यायची, दादांनी महिना दीड लाख रुपये खर्चाचे द्यायचे, सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवायचे, साष्टी आणि वसई सोडायची.

यापुढचा भाग शाळेच्या पुस्तकात घाईनं उरकतात. माझ्या मते तोच नीट वाचण्यासारखा आहे. कारण हे युद्ध एकदा खरोखर थांबवलं गेलं होतं. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टनं मुंबई आणि मद्रास या इलाख्यांना कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरल आणि कौन्सिलच्या परवानगीशिवाय युद्ध करायला मनाई केली होती. कर्नल कीटिंगची फौज गुजरातेत हरिपंत फडक्यांशी लढली, मे १७७५ मध्ये अडासला रक्तपात झाला, आणि तिकडे कलकत्त्याच्या कौन्सिलनं ठराव केला की हे युद्ध अविचारी, धोक्याचं, बिनपरवाना आणि अन्यायाचं आहे. इतके स्पष्ट शब्द कंपनीच्या कागदांत क्वचित येतात. कर्नल अप्टनला कलकत्त्याहून पुरंदरला पाठवलं गेलं आणि १ मार्च १७७६ ला तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, दादांना महिना पंचवीस हजार नेमून कोपरगावला राहायचं ठरलं, इंग्रजांनी त्यांची बाजू सोडायची. खुनातून निघालेला वणवा अडीच वर्षांत विझला, असं कोणालाही वाटलं असतं.

तो पुन्हा पेटला यात नारायणरावाचा काहीच संबंध नव्हता. मुंबईकरांनी तह मनापासून मानला नाही, दादांना आश्रय चालूच ठेवला. लंडनच्या डायरेक्टरांचं पत्र आलं ते सुरतेच्या तहाची पाठराखण करणारं. म्हणजे कलकत्त्याचा लगाम लंडननंच सैल केला. मग अमेरिकेतल्या वसाहतींचं बंड, त्यात फ्रान्स उतरण्याची चिन्हं, आणि १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ पुणे दरबारात. नानांनी त्याचं थाटात स्वागत केलं. त्याच्या पाठीशी किती फ्रान्स होता आणि किती बढाई, हा प्रश्नच आहे, पण इंग्रजांना भीती वाटायला तेवढं पुरलं. नाना हुशार खरे; या एका डावात त्यांनी इंग्रजांना नको इतकं घाबरवलं, असं माझं मत आहे. त्यात पुण्यातल्या कारभाऱ्यांत फूट पडली, मोरोबा फडणीस दादांना परत आणायला निघाले. १७७५ मध्ये युद्धाला अन्याय म्हणणारा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज १७७८ मध्ये त्याच युद्धाचा धनी झाला.

नोव्हेंबर १७७८ च्या अखेरीस मुंबईची फौज दादांना घेऊन पुण्याकडे निघाली. हजारो बैलांचं लटांबर घेऊन बोरघाट चढून तळेगावला पोचायला त्यांना ९ जानेवारी १७७९ उजाडलं. वाटेत कार्ल्याला कॅप्टन स्ट्यूअर्ट पडला, ज्याला मावळातले लोक "इष्टुर फाकडा" म्हणत. शत्रूच्या शौर्याला टोपणनाव देणारे आपले लोक. मराठ्यांनी पुढची गावं ओस पाडली होती, चारापाणी नाही, आणि दादांच्या नावानं उठून येतील म्हणून सांगितलेले सरदार कोणी आले नाहीत. तोफा तळ्यात टाकून फौज माघारी फिरली, महादजी शिंद्यांनी ती वडगावला कोंडली आणि तह लिहून घेतला: १७७३ नंतर घेतलेलं सगळं परत, दादा मराठ्यांच्या हवाली. "दादांना प्रजा मनातून पेशवा मानते" हा इंग्रजांचा सगळा हिशोब खोटा होता, हे त्या दिवशी उघड झालं. परागंदा दावेदार आपल्या पाठिंब्याबद्दल यजमानाला जे सांगतो त्यातलं निम्मंही खरं नसतं. हे सगळ्या काळांत खरं आहे.

इंग्रजांनी वडगाव झटकून टाकलं. बंगालहून मध्य हिंदुस्थान ओलांडून आलेल्या गॉडर्डनं १७८० मध्ये अहमदाबाद आणि वसई घेतली, पॉपहॅमनं ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. नानांनी निजाम, नागपूरकर भोसले आणि म्हैसूरचा हैदर अली यांना एकत्र आणलं, आणि त्याच वर्षी हैदर अर्काटच्या नवाबाच्या कर्नाटकात उतरला. पोल्लिलूरला इंग्रजांची एक फौज कापली गेली. शनिवारवाड्यातल्या दालनापासून अर्काटच्या मुलखापर्यंत हे पोचलं ते खुनाच्या जोरावर नव्हे; प्रत्येक टप्प्यावर कोणी नवा माणूस स्वतःच्या कारणासाठी आत आला म्हणून पोचलं. हैदरला नारायणरावाशी काय देणंघेणं होतं? त्याला इंग्रजांशी हिशोब चुकता करायचा होता.

१७ मे १७८२ ला ग्वाल्हेरजवळ सालबाईला तह झाला. साष्टी इंग्रजांकडे, पुरंदरनंतर घेतलेला मुलूख परत, दादांना महिना पंचवीस हजार. पुरंदरचा तह शेजारी ठेवून वाचा. सहा वर्षांच्या लढाया, आणि मुख्य कलमं जवळपास तीच. दादा पुढच्याच वर्षी कोपरगावला वारले.

विठोजीचं थोडक्यात सांगतो. एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावानं त्याला पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. भाऊ यशवंतराव चालून आला, २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला पेशवा आणि दौलतराव शिंद्यांची फौज उधळली. बाजीराव कोकणात पळाला, इंग्रजी जहाजावर चढला आणि ३१ डिसेंबरला वसईला तैनाती फौजेचा तह करून बसला. शिंदे-भोसल्यांना तो तह मान्य होणं शक्य नव्हतं; १८०३ चं युद्ध तिथून निघालं. इथे सूडाचा भाग खरा होता, पण होळकरांच्या दौलतीचा वारसा कोणाकडे हा तंटा आधीपासून होता आणि यशवंतराव केवळ भावासाठी लढत नव्हता.

तिसरं प्रकरण वेगळ्या जातीचं आहे आणि साराएव्होच्या सगळ्यात जवळचं. गंगाधरशास्त्री बडोद्याच्या गायकवाडांचे कारभारी. गायकवाड आणि पेशवे यांच्यातली जुनी देणी-घेणी आणि अहमदाबादचा इजारा (महसूलवसुलीचा मक्ता) यांच्या बोलण्यांसाठी ते १८१४ मध्ये पुण्याला आले, तेही इंग्रजांनी त्यांच्या जिवाची हमी घेतल्यावर. २० जुलै १८१५ च्या रात्री पंढरपुरात विठोबाच्या देवळातून परतताना त्यांना रस्त्यात कापलं. बाजीरावाचा लाडका त्रिंबकजी डेंगळे त्या वेळी तिथेच होता. पुणे दरबारातला इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे वकील, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन वेरूळची लेणी पाहायला गेला होता. बातमी त्याला तिथे कळली.

शास्त्र्यांचे वैरी बडोद्यातही होते आणि त्यांची माणसं पुण्यात वावरत होती. एल्फिन्स्टननं तपासाचा रोख त्रिंबकजीवर ठेवला, आणि मला वाटतं तो बहुधा बरोबर होता. पण समजा तपास अगदी चोख होता. तरी एका खुन्याला शिक्षा देण्यासाठी संपूर्ण दौलतीचे हातपाय बांधण्याची गरज नव्हती. हमी दिलेला माणूस मारला गेला म्हणजे कंपनीची अब्रू गेली, अशी मांडणी झाली, आणि गुन्हेगाराची मागणी हळूहळू राज्याच्या मागणीत बदलली. आधी त्रिंबकजीला सोपवा. सप्टेंबर १८१५ मध्ये बाजीरावानं सोपवलं, त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. वर्षभरानं तो तिथून निसटला. बाहेर एक मराठी मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा) गाण्यातून त्याला निरोप देई आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना ते कळत नसे, अशी हकीकत इंग्रजांनीच लिहून ठेवली आहे. मग मागणी आली, महिन्याभरात पकडून द्या आणि तोवर सिंहगड, पुरंदर, रायगड तारण ठेवा. शेवटी १३ जून १८१७ चा पुणे करार, ज्यात पेशव्यानं मराठा मंडळाचं प्रमुखपणच सोडून द्यायचं. त्याच वेळी गव्हर्नर-जनरल पेंढाऱ्यांच्या मोहिमेसाठी लाखाहून जास्त फौज गोळा करत होता. नोव्हेंबरात बाजीराव खडकीला लढला तेव्हा त्याच्याकडे सोडण्यासारखं फार काही उरलंच नव्हतं.

आता साराएव्हो वाचा, ओळखीचं वाटेल. आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना मारणारा गाव्रिलो प्रिन्सिप एकोणीस वर्षांचा, ऑस्ट्रियाच्याच अंमलाखालच्या बॉस्नियातला. सकाळी एका साथीदाराचा बॉम्ब हुकला होता. नंतर चालकाला बदललेल्या रस्त्याची सूचना कोणी दिली नाही, गाडी चुकीच्या वळणावर शिरून थांबली आणि प्रिन्सिप नेमका तिथे उभा होता. या योगायोगावर लोक तासन्‌तास बोलतात. मला त्यापेक्षा पुढचा महिना महत्त्वाचा वाटतो. शस्त्रं आणि मदत बेलग्रेडमधून आली होती. सर्बियाच्या लष्करी हेरखात्याचा प्रमुख दिमित्रियेविच, टोपणनाव "आपिस", गुप्त "ब्लॅक हँड" संघटनेचा म्होरक्या होता. म्हणजे मारेकऱ्यांमागे शेजारचं राज्य, निदान त्या राज्याचा एक हात होता. ऑस्ट्रियाचा सेनाप्रमुख कॉनराड १९१३ या एका वर्षात वीसहून अधिक वेळा सर्बियावर स्वारी करू म्हणाला होता, आणि त्याला अडवणाऱ्यांत मोठा अडसर होता तो फ्रान्झ फर्डिनांडचाच. त्याच्या मृत्यूनं सबब मिळाली आणि अडवणाराही गेला.

तरी एकट्या ऑस्ट्रियाची हिंमत नव्हती. ५ आणि ६ जुलैला बर्लिननं "काहीही करा, आम्ही आहोत" असा शब्द दिला. मग हंगेरीच्या पंतप्रधानाला वळवण्यात, पिकं काढायला सुट्टीवर गेलेल्या सैनिकांची वाट पाहण्यात, आणि फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष रशियाच्या भेटीवरून निघेपर्यंत थांबण्यात दिवस गेले. २३ जुलैला दहा कलमांचा खलिता, मुदत अठ्ठेचाळीस तास. सर्बियानं जवळपास सगळं मान्य केलं; तपासात ऑस्ट्रियाचे अधिकारी घेण्याचं सहावं कलम नाकारलं. एल्फिन्स्टनच्या मागण्या वाचलेल्याला ही पद्धत नवी नाही. जर्मन सम्राटानं, म्हणजे कैसरनं, २८ तारखेला सर्बियाचं उत्तर वाचून आता युद्धाचं कारण उरलं नाही असा शेरा मारला. त्याच दिवशी व्हिएन्नानं तारेनं युद्ध पुकारलं.

पेशवाईतल्या प्रकरणांपेक्षा इथे एक गोष्ट भलतीच वेगळी होती, ती म्हणजे वेग. कलकत्त्याला मुंबईचा अविचार कळून लगाम ओढायला महिने लागले, तरी लगाम ओढता आला, कारण फौजा बैलांच्या चालीनं जात होत्या. १९१४ मध्ये फौजा रेल्वेच्या वेळापत्रकावर चालत होत्या. झारनं २९ जुलैला सर्व फौजांच्या जमवाजमवीचा हुकूम रात्री मागे घेतला आणि ३० ला पुन्हा दिला. रशिया पूर्ण सज्ज होण्याआधी फ्रान्सला झोपवायचं, ही जर्मनीची एकमेव तयार योजना, आणि तिची वाट तटस्थ बेल्जियममधून. १ ऑगस्टला कैसरनं फौज पश्चिमेऐवजी पूर्वेला वळवायला सांगितली तेव्हा सेनाप्रमुख मोल्टके म्हणाला, शक्य नाही. ४ ऑगस्टला जर्मन फौज बेल्जियममध्ये घुसली आणि ब्रिटन युद्धात उतरलं. ब्रिटनबरोबर हिंदुस्थान आपोआप उतरला. मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या, कूतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. हैदरासारखेच सगळे आपापल्या कारणानं आत आले, फक्त सात वर्षांऐवजी एका आठवड्यात.

मग कुठला खून युद्ध पेटवतो आणि कुठला नाही? साराएव्होआधीच्या वीस वर्षांत फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष कार्नो, ऑस्ट्रियाचीच सम्राज्ञी एलिझाबेथ, इटलीचा राजा उंबेर्तो, ग्रीसचा राजा जॉर्ज असे कितीतरी मारले गेले. एलिझाबेथला १८९८ मध्ये जिनिव्हात मारणारा इटालियन होता, पण व्हिएन्नाला इटलीशी लढायचं नव्हतं, म्हणून तो एका माथेफिरूचा गुन्हा ठरला. आपल्याकडे पुण्यात १८९७ मध्ये चापेकरांनी रँडला मारलं, नाशकात १९०९ मध्ये अनंत कान्हेऱ्यांनी जॅक्सनला. परिणाम काय? धरपकड, फाशी, काळं पाणी. मारणाऱ्यांमागे त्यांचं स्वतःचं राज्य नव्हतं, त्यामुळे सरकारचा हात प्रजेवर पडला. युद्ध करायला समोर कोणी दरबारच नव्हता.

सगळ्यात चोख उलट उदाहरण मार्सेयचं. ९ ऑक्टोबर १९३४ ला युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर फ्रान्सच्या भूमीवर मारला गेला. त्याच गदारोळात फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री बार्तूही गेला. मारेकऱ्यांच्या मागे क्रोएशिया वेगळा करू पाहणारी उस्ताशा संघटना, तिला हंगेरी आणि इटलीत आसरा. साराएव्होतला सगळा साज इथे होता: बाल्कन, राजरक्त, सीमेपलीकडचे तळ, संतापलेली राजधानी. पण युगोस्लाव्हियाच्या पाठीशी उभं राहून "जा, लढ" म्हणणारं कोणी नव्हतं. फ्रान्सला त्या वेळी जर्मनीविरुद्ध मुसोलिनीची मैत्री हवी होती, म्हणून त्यानं इटलीचं नाव पुढे येऊ दिलं नाही. तक्रार राष्ट्रसंघात गेली ती फक्त हंगेरीविरुद्ध, डिसेंबरात ठराव झाला, हंगेरीला सौम्य शब्दांत समज मिळाली आणि फौजा बराकीतच राहिल्या. इटलीच्या बाबतीत न्याय झाला नाही, हे बेलग्रेडलाही कळत होतं. पॅरिसला युद्ध नको होतं, तेवढं पुरलं.